संदर्भ : गुगल

बारावीचा पर्यावरण प्रकल्प ज्यांनी कधी तपासला आहे, त्यांना तो न उघडताही आत काय असेल ते सांगता येतं. प्रस्तावना, विषयाचं महत्त्व, उद्दिष्टं, कार्यपद्धती, निरीक्षणं, विश्लेषण, निष्कर्ष. या क्रमात वावगं काही नाही. कुठलाही प्रामाणिक अभ्यास साधारण याच वाटेनं जातो. पण 'बारावी पर्यावरण प्रकल्प पीडीएफ' एवढं टाकलं की तयार प्रकल्पांची रांग लागते, आणि मुलं त्यातला एक निवडून वळणदार अक्षरात वहीत उतरवतात. निरीक्षणांतलं गाव त्यांचं नसतं. सर्वेक्षणात ज्या घरांना भेट दिल्याचं लिहिलेलं असतं, त्यांतल्या एकाही घराची कडी त्यांनी वाजवलेली नसते. घाटमाथ्यावरच्या मुलाच्या वहीत मी खाडीच्या पाण्याची निरीक्षणं वाचली आहेत, तीही तारखेनिशी. आणि शेवटच्या पानावर 'संदर्भ' या मथळ्याखाली बहुतेकदा एकच शब्द असतो : गुगल.

मुलांवर रागावून उपयोग नाही. आपण पानं मागितली, त्यांनी पानं दिली. वेळेत दिली, सुवाच्य दिली आणि त्याबद्दल त्यांना चांगली श्रेणीही मिळाली. मुलांना नेटवर माहिती शोधायला शिकवलं पाहिजे, असं सगळेच म्हणतात. शिक्षण विभाग म्हणतो, पालक म्हणतात, व्याख्याते म्हणतात. माझं म्हणणं असं आहे की ते आपण शिकवत नाही, आणि त्याचं कारण संगणकांची कमतरता हे नव्हे. आपण गुण सापडलेल्या मजकुराला देतो. तो कसा शोधला, कुठे सापडला, खरा कशावरून मानला, याला आपल्याकडे अर्धा गुणही नाही. ज्याला गुण नाहीत ते मुलं शिकत नाहीत, आणि यात मुलांचा व्यवहार चोख आहे.

मोबाइल चालवायला शिकवायची गरज तर राहिलेलीच नाही. ग्रामीण शिक्षणाची पाहणी करणाऱ्या 'असर'च्या २०२४ च्या अहवालात ग्रामीण भारतातल्या १४ ते १६ वर्षांच्या मुलांपैकी ८२ टक्क्यांहून अधिक मुलांना स्मार्टफोन वापरता येत होता. पाहणीच्या आधीच्या आठवड्यात त्यांच्यापैकी ५७ टक्क्यांनी तो अभ्यासाशी संबंधित कशासाठी तरी वापरला होता. समाजमाध्यमांसाठी वापरणारे ७६ टक्के होते. ज्यांच्या हातात त्या वेळी फोन होता त्यांना गजर लावणं, नेटवर एखादी माहिती पाहणं, यूट्यूबवरचा व्हिडिओ शोधून पुढे पाठवणं, अशी साधी कामं करून दाखवायला सांगितली, तर तीन चतुर्थांशांहून अधिक मुलांनी ती केली. १९९९ साली दिल्लीच्या कालकाजीत सुगत मित्रांनी वस्तीलगतच्या भिंतीत संगणक बसवला, तेव्हाच हे दिसलं होतं. कोणी शिकवलं नाही तरी मुलं एकमेकांचं बघून यंत्र चालवायला शिकली. त्या प्रयोगावरून पुढे अनेकांनी असा अर्थ काढला की मुलांना यंत्र द्या, बाकीचं ती पाहून घेतील. यंत्र चालवण्यापुरतं ते खरं ठरलं. समोर आलेल्या दहा दुव्यांपैकी कुठल्यावर विश्वास ठेवायचा, हे मात्र भिंतीतल्या संगणकानं कोणाला शिकवलं नाही. ते आपोआप येत नाही. मोठ्यांनाही येत नाही.

मोठ्यांना येत नाही याचा एक चांगला पुरावा अमेरिकेतला आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठात सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांनी ४५ जणांना नेटवरची काही पानं दाखवून त्यांची पारख करायला सांगितली. त्यांत स्टॅनफर्डचेच २५ विद्यार्थी होते, १० पीएच.डी. झालेले इतिहासकार होते आणि १० जण वृत्तमाध्यमांसाठी तथ्यं तपासण्याचं काम करणारे होते. एका कामात बालरोगतज्ज्ञांच्या दोन संघटनांची पानं शेजारी शेजारी होती. नावं जवळपास सारखी, मांडणी दोन्हीकडे नीटनेटकी. एक संघटना जुनी, हजारो डॉक्टरांची; दुसरी तिच्यातून २००२ साली मतभेदावरून फुटलेली, मूठभर लोकांची, विशिष्ट वैचारिक भूमिका रेटणारी. निम्म्याहून अधिक विद्यार्थ्यांना दुसरीचं पान जास्त भरवशाचं वाटलं. इतिहासकारांपैकीही बरेच जण घोटाळले. तथ्यतपासनीस मात्र एकजात बरोबर निघाले, तेही कमी वेळात.

हा फरक बुद्धीचा नव्हता, सवयीचा होता. विद्यार्थी आणि प्राध्यापक दोघेही पान वरून खाली वाचत होते. लोगो कसा आहे, तळटीपा आहेत का, भाषा शास्त्रीय वाटते का, हे पाहत होते. तपासनीस पानावर काही सेकंदच थांबले, मग ते सोडून बाहेर पडले, नवा टॅब उघडून त्या संघटनेचं नाव टाकलं आणि बाकीचे लोक तिच्याबद्दल काय म्हणतात ते आधी पाहिलं. पान काय सांगतंय हे वाचायच्या आधी पान कोणाचं आहे हे त्यांनी शोधलं. शाळेत आपण मुलांना याच्या नेमकं उलट शिकवतो : उतारा लक्षपूर्वक वाचा आणि खालील प्रश्नांची उत्तरं द्या. छापील पुस्तकासाठी ती सवय उत्तम आहे, कारण त्या पुस्तकाची निवड आधी कोणीतरी जबाबदारीनं केलेली असते. नेटवर ती निवड वाचणाऱ्यालाच करावी लागते.

आता हेच आपल्या वर्गात आणून पाहू. 'शिवाजी महाराजांचा जन्म केव्हा झाला?' हा प्रश्न चौथीच्या मुलालाही येतो. पण तो नेटवर नीट धुंडाळला तर दोन वर्षं सापडतात : १६२७ आणि १६३०. बहुतेक शिक्षक अशा वेळी '१६३० लिही, परीक्षेत तेच बरोबर आहे' असं सांगून पुढे जातात. मला वाटतं, माहिती शोधण्याचा सबंध अभ्यासक्रम या एका प्रश्नात शिकवता येईल. १६२७ कुठून आलं? शके १५४९, वैशाख शुद्ध द्वितीया ही तिथी उत्तरकालीन बखरींनी दिली. महाराजांच्या मृत्यूनंतर शंभराहून अधिक वर्षांनी लिहिलेल्या बखरीही त्यांत आहेत, आणि पुष्कळ जुनी पुस्तकं त्यांच्या आधारानं चालत राहिली. १६३० कुठून आलं? भोरजवळच्या कारीच्या जेधे घराण्यात एक शकावली, म्हणजे घटनांची सालवार नोंद, सापडली. लोकमान्य टिळकांनी ती १९१६ साली प्रसिद्ध केली. तिच्यात शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया अशी नोंद आहे. महाराजांच्या हयातीत कवींद्र परमानंदांनी संस्कृतात रचलेल्या शिवभारतातही तीच तिथी आहे. पुढे वर्षानुवर्षं वाद झाले, समित्या बसल्या आणि २००१ साली महाराष्ट्र सरकारनं १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख अधिकृत म्हणून स्वीकारली.

सहावी-सातवीच्या मुलाला यातलं काय कळेल? माझ्या अनुभवात, जवळजवळ सगळं कळतं. घटनेच्या जवळचा कागद आणि दूरचा कागद यांतला फरक मुलाला लगेच समजतो, कारण वर्गातल्या भांडणात प्रत्यक्ष पाहणारा कोण आणि ऐकीव सांगणारा कोण हे ते रोज ठरवत असतं. एकमेकांना न पाहता लिहिणाऱ्या दोघांनी तेच सांगितलं तर त्याचं वजन वाढतं, हेही त्याला पटतं. सर्वांत महत्त्वाचं म्हणजे नेटवर शंभर पानं १६२७ म्हणत असतील आणि ती सगळी एकाच बखरीवरून उतरली असतील, तर ते शंभर साक्षीदार नसून एकच आहे, हे त्याच्या ध्यानात येतं. ही एक गोष्ट मुलाच्या मनात पक्की रुजली तर त्याच्या पुढच्या आयुष्यातल्या निम्म्या अफवा तिथेच गळून पडतील. शिवाय इतिहास नावाची गोष्ट कोणीतरी कष्टानं, कागद शोधून ठरवत असतं, हा आदर मनात तयार होतो तो वेगळाच.

म्हणूनच हे काम संगणकाच्या तासावर ढकलू नये, असं मला आग्रहानं म्हणायचं आहे. जन्मतारखेचा वाद संगणकाच्या शिक्षकांनी का शिकवावा? तो इतिहासाच्या तासाचा आहे. पाण्याच्या शुद्धतेचा अहवाल कसा वाचायचा, हा विज्ञानाचा तास. बातमी आणि अग्रलेख यांत फरक काय, जाहिरातीची भाषा कशी ओळखायची, हा मराठीचा तास. संगणकाच्या तासाला मूल ब्राउझर, टॅब, सर्च इंजिन ही नावं शिकतं आणि व्याख्या पाठ करतं. आपल्या बारावीच्या माहिती तंत्रज्ञानाच्या पुस्तकात एसईओवर, म्हणजे आपलं पान शोधयादीत वर कसं आणायचं यावर, स्वतंत्र प्रकरण आहे. ते असायला माझी हरकत नाही, त्यातून रोजगार मिळतो. पण पान वर कसं आणावं हे शिकवणारं प्रकरण आहे आणि वर आलेलं पान वर का आलं असेल याचा विचार करायला शिकवणारा धडा कुठल्याच विषयात ठळकपणे नाही, ही गोष्ट मला अस्वस्थ करते. आपली बरीच मुलं वरच्या पहिल्या दुव्यावर बोट ठेवतात. त्यावर कधी कधी बारीक अक्षरात 'प्रायोजित', म्हणजे पैसे देऊन वर आणलेलं, असं लिहिलेलं असतं, याकडे त्यांचं लक्ष कोणी वेधलेलंच नसतं.

यासाठी सुसज्ज संगणक कक्ष लागत नाही. शिक्षकांचा एक फोन आणि फळा पुरतो. पाचवीच्या वर्गात 'महाराष्ट्रात जिल्हे किती?' हा प्रश्न घ्यावा. शिक्षकांनी शोधून पहिले सहा-सात निकाल मोठ्यानं वाचावेत, मुलांनी फळ्यावर मांडावेत : कोण म्हणतं, किती म्हणतं, पान कधीचं आहे. कुठे ३५ मिळतील, कुठे ३६. वर्गात गोंधळ होईल, आणि तो व्हायलाच हवा. मग कोणीतरी विचारेल, दोन्ही खरे कसे? १ ऑगस्ट २०१४ ला ठाण्यातून पालघर वेगळा झाला, त्याआधीचं पान ३५ म्हणणार, नंतरचं ३६. त्यानंतर ही मुलं कुठल्याही पानाची तारीख पाहिल्याशिवाय आकडा घेणार नाहीत. लोकसंख्येचंही तसंच. महाराष्ट्राची लोकसंख्या कोणी ११.२४ कोटी सांगतं, कोणी त्याहून बरीच जास्त. पहिली २०११ च्या जनगणनेत प्रत्यक्ष मोजलेली, बाकीचे अंदाज, कारण २०२१ ची जनगणना झालीच नाही. मोजलेला आकडा आणि अंदाजाचा आकडा यांतला फरक दहावीपर्यंत कळला तर गणिताच्या शिक्षकांनाही आनंद होईल.

मराठी माध्यमाच्या मुलाची अडचण आणखी एका पदराची आहे, आणि धोरणं ठरवणाऱ्यांच्या ती नजरेला येत नाही. मराठी विकिपीडिया २००३ साली सुरू झाला. त्यात लेख लाखाच्या घरात आहेत, इंग्रजीत सत्तर लाखांच्या आसपास. मूल मराठीत शोधतं तेव्हा वर येतात ती बहुधा इंग्रजीवरून यंत्रानं भाषांतर केलेली, जाहिरातींनी भरलेली, एकमेकांवरून उतरवलेली पानं. 'निबंध', 'भाषण', 'प्रकल्प' या शब्दांभोवती तर अशा पानांचा मोठा धंदाच उभा राहिला आहे. आणि जे खरोखर कसदार आहे ते खाली कुठेतरी पडून असतं. वाईहून निघालेला मराठी विश्वकोश, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी ज्याची घडी बसवली तो, आज पूर्ण ऑनलाइन आहे आणि फुकट आहे. केतकरांचा ज्ञानकोश आहे. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर आहे. जिल्ह्यांची गॅझेटिअर, म्हणजे जिल्ह्याची सविस्तर माहिती देणारे सरकारी ग्रंथ, आहेत. दहावी झालेल्या किती मुलांनी विश्वकोशाची एक तरी नोंद उघडून वाचली असेल? मी वर्गात विचारतो तेव्हा हात वर येतात ते फार थोडे. आपल्या आधीच्या पिढ्यांनी पन्नास-शंभर वर्षं खपून मराठीत जे ज्ञान गोळा केलं ते मुलाच्या खिशात आहे, आणि तिथवर जायची वाट आपण त्याला दाखवलेली नाही. याचं मला मनापासून दुःख होतं.

ती वाट दाखवताना सावधगिरीही शिकवावी लागते. विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ चा. जुन्या खंडांतल्या गावांच्या नोंदींत १९७१ च्या जनगणनेचे आकडे आहेत. नोंद विद्वानाची असली तरी आकडा जुना असू शकतो, हे मुलाला सांगायला हवं. शोधताना नावंही पालटून पाहावी लागतात. अहिल्यानगर जिल्ह्याबद्दलचा जुना सरकारी कागद अहमदनगर या नावाखालीच मिळणार, पुण्याचं १८८५ चं गॅझेटिअर 'पूना' म्हटल्याशिवाय हाती लागणार नाही. या छोट्या युक्त्या शिकवायला पाच मिनिटं लागतात आणि त्या जन्मभर उपयोगी पडतात.

यावर दोन आक्षेप नेहमी येतात. पहिला पालकांचा : मुलांना नेटपासून लांबच ठेवलेलं बरं. त्यामागची काळजी मला समजते. रात्री पांघरुणाखाली चालणाऱ्या रील्स मीही पाहतो आहे. पण फोन काढून घेतला तर मूल शोधायचं थांबत नाही, ते मित्राच्या फोनवर, आपल्या नजरेआड शोधतं. आणि घराघरांत एक गोष्ट घडते तिच्याकडे लक्ष वेधतो. फोन काढून घेण्याची वेळ येते तेव्हा तो मुलीच्या हातातून आधी जातो. 'असर'च्याच पाहणीत स्मार्टफोन वापरता येणाऱ्या १४ ते १६ वयाच्या मुलांपैकी स्वतःचा फोन असलेले मुलगे ३६ टक्के होते, मुली २७ टक्के. मुलीला स्वतःच्या आरोग्याची, शिष्यवृत्तीची, पुढच्या शिक्षणाची माहिती स्वतः शोधता येणं ही तिच्यासाठी चैन नाही. कित्येक घरांत या गोष्टी तिला दुसरं कोणी सांगणारच नसतं.

दुसरा आक्षेप नवा आहे : आता शोधायचंच कशाला, एआयला विचारलं की उत्तर तयार. खरं आहे, मुलं विचारतात, आणि उत्तर सुबक मराठीत येतं. नेमकी त्याचमुळे शिकवायची निकड वाढली आहे. पूर्वी निदान दहा दुवे दिसायचे, त्यांतला विरोध डोळ्यांवर यायचा. आता एकच उत्तर येतं, ठाम सुरात येतं आणि ते कोणाचं आहे हे आपण विचारल्याशिवाय कळत नाही. २०२३ साली न्यूयॉर्कमध्ये दोन वकिलांनी चॅटजीपीटीकडून मिळालेले खटल्यांचे दाखले न्यायालयात सादर केले. ते खटले कधी झालेच नव्हते. न्यायाधीशांनी ५,००० डॉलर दंड ठोठावला. कायद्याची पदवी घेतलेल्या माणसांनी मूळ निकाल उघडून पाहिले नाहीत, तर आठवीच्या मुलाकडून आपण कशी अपेक्षा करणार? त्याला शिकवलं तरच. 'हे कुठे लिहिलंय?' असं विचारायचं, मिळालेला दुवा प्रत्यक्ष उघडायचा, आणि त्या पानावर ते वाक्य खरंच आहे का ते पाहायचं. गुगलला लागू होता तोच नियम इथेही.

या सवयीच्या अभावाची किंमत आपण महाराष्ट्रात रक्तानं मोजली आहे. २०१८ च्या उन्हाळ्यात मुलं पळवणाऱ्या टोळ्यांचे व्हिडिओ देशभर व्हॉट्सॲपवर फिरत होते. त्यातला एक तर कराचीत मुलांच्या सुरक्षिततेच्या जनजागृतीसाठी तयार केलेल्या चित्रफितीचा तुकडा होता, शेवटचा संदेश कापून टाकलेला. १ जुलैला, रविवारच्या बाजारच्या दिवशी, धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात भिक्षा मागायला आलेल्या पाच जणांना जमावानं ठेचून मारलं. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे होते, त्यांतले बहुतेक सोलापूर जिल्ह्यातून पोटासाठी फिरत आले होते. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपनं भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा घातली. कंपनीनं एवढं केलं. शाळांनी काय केलं? त्या जमावात हातात फोन असलेली, शाळा शिकलेली तरुण मुलं होती. कोणाही एकाच्या तोंडून 'हा व्हिडिओ कुठला आहे?' असं निघालं असतं तर पाच माणसं वाचली असती, असं मी छातीठोकपणे म्हणू शकत नाही. संतापलेल्या जमावाला थोपवणं फार अवघड असतं. पण तो प्रश्न विचारायची सवय आपण त्यांना लावलेली नव्हती, एवढं नक्की.

त्याच वर्षी केरळात कन्नूर जिल्ह्यात जिल्हाधिकारी मीर मोहम्मद अली यांनी 'सत्यमेव जयते' नावाचा उपक्रम सुमारे दीडशे सरकारी शाळांत सुरू केला. खोटी बातमी कशी ओळखायची, फोटो मुळात कुठला आहे हे कसं शोधायचं, खात्री नसेल तर पुढे न पाठवणं ही जबाबदारी कशी, हे मुलांना तासांमध्ये शिकवलं. तिथे गोवर-रुबेला लसीबद्दल अफवा पसरल्या होत्या, त्यामुळे विषय सगळ्यांच्या घरातला होता. पुढे शाळांमधल्या तंत्रज्ञानाचं काम पाहणाऱ्या राज्याच्या 'काइट' या संस्थेनं असं शिक्षण पाचवी ते दहावीच्या मुलांपर्यंत राज्यभर नेलं. केरळला हे सोपं गेलं, कारण शाळांमधल्या माहिती तंत्रज्ञानाची सरकारी यंत्रणा त्यांनी २००१ पासून उभारत आणली होती आणि शिक्षकांना सातत्यानं प्रशिक्षण दिलं होतं. आपल्याकडे बालभारती आहे, तिच्या पुस्तकांवर क्यूआर कोड आहेत, दीक्षा ॲप आहे. पण क्यूआर कोड मुलाला कोणीतरी आधीच निवडलेल्या साहित्याकडे नेतो. ते चांगलंच आहे, पण त्यातून स्वतः निवडायचा सराव होत नाही.

शिक्षक म्हणतील, आणि बरोबरच म्हणतील, की वेळ कुठे आहे? एकाच शिक्षकाकडे दोन-दोन इयत्ता, वरून निवडणुकांची कामं, रोज कुठल्या ना कुठल्या पोर्टलवर भरायची माहिती. त्यांच्या डोक्यावर आणखी एक विषय, आणखी एक पुस्तिका, आणखी एक प्रशिक्षण लादावं असं मी सुचवत नाही. जे प्रकल्प आपण आत्ताही घेतो आणि तपासतो, त्यांचंच मोजमाप बदलावं. प्रकल्पाची पानं निम्म्यानं कमी करावीत आणि त्या जागी दोन पानांची शोधनोंद मागावी. मी आधी काय टाकून शोधलं, मग शब्द का बदलले. कुठली तीन पानं उघडली, ती कोणाची होती, कधीची होती. कशावर विश्वास ठेवला आणि कशावर नाही, का. कुठे दोन पानं एकमेकांविरुद्ध गेली. हे मुलाच्या स्वतःच्या, मोडक्यातोडक्या मराठीत चालेल. निम्मे गुण या दोन पानांना द्यावेत. 'संदर्भ : गुगल' लिहिलं तर त्या भागाला शून्य, कारण गुगल हा संदर्भ होत नाही, ज्या पानावर गुगलनं नेलं तो संदर्भ. अशी नोंद दुसऱ्याची उतरवणं अवघड असतं, आणि ती तपासायला वीस पानांचा उतारा तपासण्याहून कमी वेळ लागतो. यासाठी शासन निर्णयाची वाट पाहायचीही गरज नाही. अंतर्गत मूल्यमापनात एवढी मोकळीक शाळांना आहे.

दुसरा बदल विषय देण्याच्या पद्धतीत हवा. 'जलप्रदूषण : एक समस्या' असा विषय दिला तर मूल उतरवणारच, कारण तो विषय सगळ्या जगाचा आहे आणि म्हणून कोणाचाच नाही. त्याऐवजी प्रश्न द्यावा, आणि तो असा द्यावा की त्याचं पूर्ण उत्तर नेटवर असूच शकणार नाही. आपल्या गावाचं पिण्याचं पाणी कुठून येतं? ते शेवटचं कधी तपासलं, कोणी तपासलं, अहवाल कुठे आहे? जल जीवन मिशनच्या संकेतस्थळावर गावनिहाय माहिती असते : किती घरांना नळजोडणी दिली, पाण्याचे किती नमुने तपासले. बारावीच्या मुलीनं आपल्या गावाचं ते पान उघडावं, आकडे वहीत घ्यावेत, पाहिल्याची तारीख लिहावी. मग वाडीवर, वस्तीवर जावं, घरं मोजावीत, नळ उघडून पाहावा, पाणी आठवड्यातून किती दिवस येतं ते तिथल्या बायकांना विचारावं. ग्रामपंचायतीत जाऊन ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडे (पूर्वीचे ग्रामसेवक) तपासणीचा अहवाल मागावा. संकेतस्थळावरचा आकडा आणि वस्तीवरचा आकडा जुळला तर तसं लिहावं. जुळला नाही तर तेही लिहावं, आणि तो फरक ग्रामसभेत वाचून दाखवावा.